बॉनेटवरची कुसाबाई

धोंडीराम पेंटरला त्याच्या कामाबद्दल काही विचारू नये. विचारलंत, तर समोरचा चहा गार होईल, दुसरा मागवाल तोही गार होईल, आणि गडी अजून पत्रा कसा पुसायचा यावरच असेल. अर्थात हल्ली विचारणारं कुणी उरलंच नव्हतं. नाशिकच्या अंबडला गॅरेजांच्या ओळीत त्याची टपरी होती आणि तिला लागूनच रेडियमचं दुकान. तिथं कॉम्प्युटरवर नाव टाइप केलं की मशीन पाच मिनिटांत अक्षरं कापून हातात देई. एके काळी ज्याच्या दारात नावं काढून घ्यायला ट्रकांची रांग लागायची, त्याच्याकडे आता 'गाळा भाड्याने देणे आहे' असल्या पाट्या यायच्या, त्याही महिन्याला दोन-तीन. तरी तो रोज सकाळी ब्रश काढायचा, बोटांनी मोकळे करायचा, आणि संध्याकाळी थिनरमध्ये धुऊन, टोक जुळवून ठेवून द्यायचा. "ब्रशांना आंघोळ घालायला जाता काय रोज?" असं त्याची बायको मालनबाई विचारायची. तो उत्तर देत नसे, कारण ते खरंच होतं.

म्हणून पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सायखेड्याचा केरू नवीकोरी पांढरी पिकअप घेऊन टपरीसमोर उभा राहिला, तेव्हा धोंडीरामला झालेला आनंद वाजवीपेक्षा जरा जास्तच होता. गाडीच्या गळ्यात अजून शोरूमचा हार होता.

"जय भीम, केरूभाऊ! नवी घेतली?"

"राम राम, पेंटर. घेतली बाबा. आता तू नाव काढ, म्हंजी माझी झाली."

केरूची ही तिसरी गाडी. आधीच्या दोन्ही धोंडीरामच्याच हातून गेलेल्या. पहिल्या गाडीवर देवाचं नाव होतं. दुसरी घेतली तेव्हा केरूची बायको कुसाबाई पुढं आली होती. ती रोज पहाटे नवऱ्याच्या शेजारी बसून भाजीपाला घेऊन नाशिकच्या बाजारात यायची, कॅरेट उतरवायची, भाव करायची, आणि भाव करताना नवऱ्याला तोंड उघडू द्यायची नाही. "गाडीसंगं दिवसभर मी फिरती, मंग नाव माझं का नको?" तिनं विचारलं. केरू लाजला, पण नाही म्हणायची त्याची छाती नव्हती. धोंडीरामनं बॉनेटवर पिवळ्या रंगात, लाल सावली देऊन, हातभर लांब 'कुसाबाई' काढलं. बाजारातल्या लोकांनी केरूला वर्षभर पिडलं. कुसाबाईला अक्षरओळख नव्हती, पण पहिल्या अक्षराखालच्या उकाराला धोंडीरामनं विड्याच्या पानासारखा बाक दिला होता, आणि त्या पानावरून ती पन्नास गाड्यांतून आपली गाडी लांबून ओळखायची. केरूही शाळेत फार गेलेला नव्हता. त्यालाही ते पानच वाचता यायचं.

दीड वर्षापूर्वी कुसाबाई गेली. जुन्या गाडीचा पत्रा खालून सडला होता, हौद्याला भोकं पडली होती, म्हणून केरूनं ती शोरूमला देऊन ही नवी घेतली. चौदा वर्षं ऊन, पाऊस, टोमॅटोचं आंबट पाणी खाऊन गाडी खलास झाली होती, पण बॉनेटवरच्या नावाचा कुठं टवकाही उडालेला नव्हता. केरूनं शोरूमवाल्यांना विचारलं होतं, बॉनेट तेवढं काढून देता का? ते हसले होते.

"तस्संच काढ," तो म्हणाला. "त्या पानासकट."

धोंडीरामनं हार काढून टपरीच्या दांडीला अडकवला, बॉनेट साबणाच्या पाण्यानं धुतलं आणि पाणी-पेपर हातात घेतला. ओला करून वापरायचा हा घासायचा बारीक कागद. तो बॉनेटवर फिरायला लागला तसा केरू कळवळला.

"आरं, नव्या गाडीला घासतो काय?"

"घासल्याशिवाय रंग धरत नाही, केरूभाऊ. गुळगुळीतावर काही टिकत नसतं. दोन हलके हात, बस्स. जुन्या गाडीवरचं चौदा वर्षं कशामुळं टिकलं, मग?"

खडूची दोरी मारून ओळ आखली गेली, पिवळा भरला, वाळला, मग लाल सावली. दुपारी तीनच्या सुमाराला शेवटी ते पान उतरलं. रेडियमच्या दुकानातली पोरंसुद्धा बाहेर येऊन बघून गेली. केरू बॉनेटसमोर उभा राहिला. मग त्यानं हार परत गाडीला घातला, नावावर येणार नाही अशा बेतानं.

भाद्रपदात टोमॅटोचा हंगाम जोरात होता, तेव्हा केरू पुन्हा आला. या वेळी हार नव्हता.

"पेंटर, हे बघ काय झालंय."

वॉशिंग सेंटरवर फवाऱ्यानं गाडी धुताना छताच्या कडेचा रंग उडाला होता. उडाला म्हणजे खरवडला नव्हता, पापुद्रा सुटून पाण्याबरोबर वाहून गेला होता. दुसरा तुकडा डाव्या दाराच्या खाली. तिसरा चाकावरच्या पत्र्यावर. धोंडीराम वाकून, गुडघ्यावर बसून, शेवटी जमिनीला गाल लावून सगळी गाडी बघत फिरला. सात ठिकाणं सापडली. सातवं बॉनेटवर होतं, नावापासून चार बोटांवर, आणि तिथून एक केसाएवढी भेग नावाकडे निघाली होती.

त्यानं छतावरच्या एका पापुद्र्याखाली नख घातलं. वीतभर रंग अलगद वर आला. खाली पत्रा घासलेल्या ताटासारखा गुळगुळीत. चाळीस वर्षं या धंद्यात काढलेल्या माणसाला अजून काय सांगायला लागतं! वरचा रंग चांगला होता, चकाकी चांगली होती. सगळ्यात खालचं अस्तरच पत्र्याला धरलेलं नव्हतं. कारखान्यात पत्रा नीट धुतला नसेल, नाहीतर भट्टीत कमी भाजला असेल. काय केलं ते त्यांचं त्यांना माहीत. पण गाडी जन्मतःच अशी होती.

"केरूभाऊ, ही सगळी गाडी सोलवटणार," तो म्हणाला. केरूचा चेहरा पाहून त्याला आपली जीभ चावावीशी वाटली.

"सर्व्हिस सेंटरवाले म्हणत्यात, गॅरंटीत बसलं तर कंपनी सगळी गाडी नव्यानं रंगवून देती. फुकटात. पर बॉनेटवर भायेरचा रंग हाय, तर म्हणं पेंटरला घेऊन या. त्याचं म्हणणं लिहून घिऊ."

"येतो की! मी नाही तर कोण सांगणार?"

"त्यांनी रंगवून दिली की तू परत नाव काढ." केरू बॉनेटकडे बघत होता. "मला बाकी गाडीचं काय नाय, पेंटर. गंजू दे गंजली तर. हे नाव जाऊ नये, येवढंच."

दुसऱ्या दिवशी मालनबाईनं त्याला इस्त्रीचा शर्ट दिला आणि दारापर्यंत आली. "हे बघा, विचारतील तेवढंच बोला. तिथं तुमचं पुराण लावू नका."

"मी काय लहान आहे?" धोंडीराम म्हणाला. या प्रश्नाचं उत्तर ती नेहमी देत असे, त्या दिवशी मात्र दिलं नाही.

सर्व्हिस सेंटरमध्ये गारेगार काचेच्या खोलीत राकेश नावाचा तिशीतला माणूस होता. मोठा अदबशीर. उठून खुर्ची दिली, चहा सांगितला. गाडीभोवती फिरून छताचे, दाराचे, सगळे फोटो त्यानं आधीच घेऊन ठेवले होते. धोंडीरामला तेव्हाच बरं वाटलं. माणूस नीट बघणारा होता.

"काका, बॉनेटवरचं ते नाव तुम्ही काढलंत? हातानं?"

"हातानंच."

"स्टिकर नाही? कमाल आहे. मला वाटलं मशीनचं असेल. ते खालचं पान काय सुंदर आलंय!"

आणि इथंच आपल्या माणसाचा बांध फुटला. दोष तरी कसा द्यावा? सात-आठ वर्षांत शिकल्या-सवरलेल्या कुणी माणसानं त्याच्या अक्षराला सुंदर म्हटलं नव्हतं. 'कधी होईल' आणि 'रेडियमपेक्षा महाग कसं' यापलीकडे कुणी काही विचारलंच नव्हतं. धोंडीरामनं जुन्या गाडीवरच्या नावाची चौदा वर्षं सांगितली. राकेशनं पेन उघडून विचारलं, "इतकी वर्षं टिकतं म्हणता, ते कसं काय?" आणि धोंडीराम खुर्चीत पुढं सरकला.

त्यानं साबणाच्या पाण्यापासून सुरुवात केली. केरू शेजारी बसून मान डोलवत होता, जणू धोंडीराम त्याचाच मुलगा आहे आणि परीक्षेत पहिला आलाय.

"म्हणजे अक्षरं काढण्याआधी मूळ रंगावर पेपर मारता?" राकेशनं विचारलं.

"मारतो म्हणजे! त्याशिवाय मी ब्रशला हात लावत नाही. त्या रेडियमवाल्यांना विचारा, ते मारतात का? म्हणून तर त्यांचं उन्हाळ्यात सुटतं. मी बॉनेट असं नीट घासतो, सगळी चकाकी मारतो, मगच रंग. चाळीस वर्षांत माझं एक अक्षर सुटलेलं नाही, लिहून घ्या."

राकेशनं लिहून घेतलं. चार ओळी झाल्या, मराठीतच होत्या, आणि त्यानं त्या वाचूनही दाखवल्या. 'गाडी घेतल्यावर मी बॉनेटचा मूळ रंग पाणी-पेपरने घासून चकाकी काढली व त्यावर बाहेरचा रंग दिला.' यात खोटं काय होतं? काही नव्हतं. धोंडीरामनं खिशातून आपलं पेन काढलं आणि खाली 'धोंडीराम पेंटर' अशी सही केली. साधी नाही. प्रत्येक अक्षराला सावली देऊन, खाली वेलबुट्टीची रेघ मारून. राकेशनं त्या सहीचा मोबाइलवर फोटो काढला. परत येताना केरूनं त्याला मिसळ खाऊ घातली.

संध्याकाळी मालनबाई पोळ्या लाटत होती. त्यानं तिला सगळं रंगवून सांगितलं, सहीसकट. तिचं लाटणं थांबलं.

"घासलं म्हणून सांगितलंत?"

"मग? घासलं ना मी."

"आणि त्यांनी लिहून घेतलं. छताला तुम्ही हात लावला नाही, दाराला लावला नाही, हे लिहिलं का त्यात?"

"फोटो आहेत त्याच्याकडे छताचे. तो माणूस चांगला आहे," तो म्हणाला. मालनबाईनं पोळी तव्यावर टाकली.

सकाळी टपरी न उघडता तो थेट सर्व्हिस सेंटरला गेला. राकेशनं पुन्हा खुर्ची दिली. "साहेब, त्यात अजून दोन ओळी घाला. मी फक्त बॉनेटवर हात मारला. छत, दारं, चाकावरचा पत्रा, तिकडं मी फिरकलोसुद्धा नाही. आणि पेपर तर वरच्या वर फिरतो, सुटलंय ते तळाचं अस्तर. हे त्यात पाहिजे."

"काका, ते काल संध्याकाळीच वर कंपनीकडे गेलं," राकेश म्हणाला. "आता माझ्या हातात नाही. बघू, फोटो तर दिलेत आपण." तो खरंच वाईट माणूस नव्हता. म्हणून तर धोंडीरामला त्याच्यावर ओरडताही येईना.

पुढचे वीस-पंचवीस दिवस धोंडीराम रस्त्यावरून पांढरी पिकअप गेली की मान वर करायचा. केरूचा फोन आला की आधी आवाजावरून अंदाज घ्यायचा, चांगली बातमी आहे का बघायचा. नव्हती. भेग नावाला पोचली होती. केरू रोज सकाळी भेगेवर बोट ठेवून बघायचा, आणि फवारा सोडून ओल्या फडक्यानं गाडी पुसायला लागला होता. त्यानं नावावर चिकटपट्टी लावली होती, ती उन्हानं उकलली.

आणि एक दिवस दुपारी तो आला. धोंडीराम एका पाटीवर लाल अक्षरं भरत होता. केरूनं गाडी उभी केली, खिशातून घडी घातलेले कागद काढले.

"टपालानं आलं. काय लिवलंय बघ बरं."

पहिला कागद इंग्रजीत होता. धोंडीरामची इंग्रजी दहावीपुरती, पण त्यातला एक शब्द त्याला चांगला येत होता. अंबडच्या कारखान्यांतल्या टाकाऊ मालाच्या डब्यांवर त्यानं तो शेकड्यांनी काढला होता, नेहमी लाल रंगात. रिजेक्टेड. बाकीचं त्यानं अडखळत जुळवलं. त्यानं दुसरा कागद पुढं घेतला. त्यावर चार मराठी ओळी होत्या आणि खाली वेलबुट्टीची रेघ मारलेली, सावली दिलेली सही. झेरॉक्समध्येसुद्धा ती उठून दिसत होती.

"काय म्हणत्यात?"

धोंडीरामला खोटं बोलता आलं असतं. कंपनीचे लोक चोर आहेत, इतकं म्हटलं असतं तरी केरूनं मान हलवली असती आणि विषय संपला असता. ते शब्द त्याच्या ओठांवर आलेही होते.

"नाही म्हणतात," तो म्हणाला. "मूळ रंगाला बाहेरच्या माणसानं हात लावला, म्हणून गॅरंटी सगळ्या गाडीची गेली. पेंटरनं स्वतः लिहून दिलंय म्हणतात." आणि मग त्यानं त्या चार ओळी वाचल्या, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, सहीसुद्धा.

केरू खाली बघत होता. तो म्हणाला, "मी तिथंच व्हतो की. मला बी कुठं कळलं. चांगलंच वाटत व्हतं तू बोलताना."

त्यानं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. धोंडीरामला रडू फुटलं, भर दुपारी, रेडियमच्या दुकानासमोर, आणि त्यानं ते लपवलंही नाही. केरू बॉनेटपाशी गेला. नावाच्या मधोमध तडा गेला होता आणि एक कड वाऱ्यानं फडफडत होती.

"काढून टाक, पेंटर. आसं अर्धंमुर्धं रस्त्यात पडंल, कुणाच्या पायाखाली येईल. मला नाय बघवणार."

धोंडीरामनं पाणी-पेपर घेतला नाही, थिनर घेतलं नाही. गरजच पडली नाही. त्यानं भेगेत बोटं घातली आणि कांद्याचं टरफल सुटावं तसा रंग पत्र्यावरून सुटत आला. अर्धं नाव त्याच्या डाव्या हातात आलं, अर्धं उजव्या. त्यानं ते उन्हात धरलं. पिवळ्याला एक टवका नव्हता, लाल सावलीला भेग नव्हती. पान जसंच्या तसं होतं. त्याच्या अक्षरांनी कंपनीच्या रंगाला घट्ट धरून ठेवलं होतं, आणि त्या रंगानं पत्र्याला धरलं नव्हतं. यापेक्षा मोठा पुरावा काय हवा होता?

"केरूभाऊ, हे बघा! माझं नाही सुटलेलं! हे दाखवू त्यांना!" त्यानं राकेशला फोन लावला, सगळं एका दमात सांगितलं.

राकेशनं विचारलं, "काका, म्हणजे ते आता तुम्ही हातानं सोलून काढलंत?"

"हो, पण..."

"मग मी काय म्हणून पाठवू? फाइल बंद झालीय. आता तर पूर्वीसारखं काहीच राहिलं नाही तिथं." मग आवाज खाली करून म्हणाला, "बाहेरून रंगवून घ्यायला सांगा त्यांना. मला वाईट वाटतंय, काका. खरंच."

धोंडीरामनं फोन खिशात ठेवला. केरूनं दोन्ही तुकडे त्याच्या हातातून घेतले, बॉनेटवर ठेवले आणि जुळवून पाहिले. मग त्यानं कंपनीचा कागद उलगडला, नाव त्यात ठेवलं आणि अंगाऱ्याची पुडी बांधावी तशी घडी घालून सदऱ्याच्या आत ठेवली. धोंडीरामच्या सहीचा कागद मात्र टपरीतच राहिला.

"तू परत काढ की," केरू म्हणाला. "आता पत्राच हाय नुसता. पत्र्यावर काढ. तस्संच."

धोंडीराम त्या उघड्या पत्र्याकडे बघत राहिला. पत्रा घासता आला असता, अस्तर देता आलं असतं. पण चारही बाजूंनी कंपनीचा रंग उचलला जात होता, आज ना उद्या तो याही अस्तराच्या कडा घेऊन जाणार होता. सगळी गाडी पत्र्यापर्यंत खरवडायची तर महिना जाईल, आणि हंगामात केरू महिनाभर गाडी उभी करू शकत नव्हता. हंगाम संपेपर्यंत पत्र्यात गंज शिरलेला असेल. हे दोघांनाही कळत होतं.

"कशावर काढू, केरूभाऊ?" तो म्हणाला. "धरायला काही नाही."

केरूनं मान हलवली. गाडीत बसला, शेजारच्या, कुसाबाईच्या जागेवरचे कॅरेट सरळ केले आणि निघून गेला. रस्त्यात तशाच पांढऱ्या चार-पाच पिकअप होत्या. धोंडीरामनं लांबपर्यंत बघितलं, पण सिग्नलच्या पुढं त्याला केरूची कुठली ते ओळखू येईना.

भाड्याच्या गाळ्याची पाटी तशीच अर्धी पडून होती. संध्याकाळी त्यानं टपरी बंद केली. लाल रंगाचा ब्रश डब्याच्या काठावर होता तिथंच राहिला, आणि सकाळपर्यंत त्याचे केस वाळून लाकडासारखे झाले.